बारा हातांचा दिवाणजी

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी माझं बिंग फोडल्याचा आव आणायला नको. दूधवाला वेळेआधी आला की दुधात पाणी जास्त असणार असं मला वाटतं. रिक्षावाला फार अदबीनं बोलला तर तो लांबच्या रस्त्यानं नेणार. पुण्याहून मुलानं फोन करून नुसतंच 'कशी आहेस?' विचारलं तर त्याला काहीतरी सांगायचं आहे आणि ते मला आवडणार नाही. दहातल्या सात वेळा माझं खरं निघतं. उरलेल्या तीन वेळा पुरावा सापडत नाही, एवढंच.

यात स्वभाव किती आणि नोकरी किती, सांगता येत नाही. बेळगावातल्या एका मराठी शाळेत मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण नाव झालं ते परीक्षेच्या हॉलमध्ये. मी दारात उभी राहिले की मागच्या बाकांवर कागद चुरगळल्याचा आवाज यायचा. मोज्यात, वेणीत, कंपासच्या झाकणात, चिठ्ठी कुठं आहे ते मला पोराच्या खांद्यावरून कळायचं. मुलींची तपासणी बाईनंच करायची असते, म्हणून ते काम कायम माझ्याकडं. 'हात वर कर,' एवढंच म्हणायचे. ओरडायची वेळ कधी आली नाही.

एकदा मात्र मी फसले होते. दहावीची मुलगी, सारखी कमरेशी हात नेत होती. मी तिला व्हरांड्यात घेतलं, हात वर करायला लावले आणि तपासलं. कॉपी नव्हती, महिन्याच्या पाळीची घडी होती. 'असू दे, जा, लिही,' म्हणून मी तिला आत पाठवलं. संध्याकाळी जेवताना हे मी आईला गंमत म्हणून सांगितलं, की बघ, मलासुद्धा कधीकधी चकवा लागतो. आईनं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि हात धुवायला उठली. मी विचारलं तर म्हणाली, पोट भरलं. मला तिच्या पित्ताचा संशय आला आणि मी तिला गोळी दिली.

आई निपाणीची. तिथं तंबाखूच्या वखारी होत्या, म्हणजे मोठाली गोदामं. बायका दिवसभर आत बसून तंबाखू चाळायच्या, निवडायच्या, आणि संध्याकाळी बाहेर पडताना दारात त्यांची झडती व्हायची, कुणी पदराआड चिमूटभर तंबाखू नेऊ नये म्हणून. आईनं तिथं बावीस वर्षं काढली. तिच्या खोकल्यावर आणि त्या चाळणीवर मी शिकले, डी.एड. झाले, पुढं बी.ए. केलं, बेळगावात घर बांधलं. नवरा गेल्यावर आईला इकडं घेऊन आले. आमच्या गल्लीतली माझ्या वयाची बहुतेक पोरं अशीच वर आली आहेत. कुणी वकील आहे, कुणी तहसीलदार कचेरीत. विहारात भेटलो की सगळेजण मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोलतो. वखारीबद्दल कुणी बोलत नाही.

मीही बोलले नाही. सात-आठ वर्षांची असताना एकदा वखारीच्या दारात आईची वाट बघत उभी होते. बायकांची रांग होती, सगळ्यांचे हात वर. दिवाणजी, म्हणजे तिथला कारकून, एकेकीच्या कमरेवरून हात फिरवत होता. आईचा नंबर आला तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर कुणीतरी कोळशानं बदक काढलं होतं, ते मला अजून आठवतं. मोठी झाल्यावर घरी शाळेतल्या बाई येणार असल्या की मी आईला आधीच सांगून ठेवायची, 'वखारीचं काय काढू नको हं.' ती काढायची नाही. चहा देऊन आत जाऊन बसायची.

ही सगळी पार्श्वभूमी सांगायचं कारण म्हणजे आईची चंची. पानसुपारी ठेवायची कापडी पिशवी, घडी घालून दोरीनं बांधायची, आत चार-पाच कप्पे. वखारीत जाताना ती कमरेला खोचलेली असायची. निळी किनार तिनं हातानं शिवली होती आणि दोरीच्या टोकाला माझ्या शाळेच्या झग्याचं पांढरं बटण लावलं होतं. पान सोडलं तसं तिनं ती ट्रंकेत ठेवली, आणि दरवर्षी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकताना मी ती बघायची. गेल्या वर्षी बघितलं तर चंची जाग्यावर नव्हती.

आईला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"असंल कुठंतर," ती म्हणाली.

आईच्या बाबतीत 'कुठंतर' ही जागा नसते. घरातली प्रत्येक टाचणी कुठं आहे ते तिला ब्याऐंशीव्या वर्षी पाठ आहे. त्यामुळं मला दोन गोष्टींचा संशय आला. एक, चंची चोरीला गेली. दोन, आईला ते माहीत आहे. धुणंभांडी करणाऱ्या बाईला मी दोन दिवस आडून आडून विचारलं, तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं, पण त्या वेळी मला वाटलं, बघा, पळाली.

मग शेजारच्या वहिनींनी गेटवर मला थांबवलं. मी दुपारी दोन तास एका शाळेत स्कॉलरशिपच्या मुलांना शिकवायला जाते. त्या वेळात आमच्याकडं एक मुलगी येते म्हणे. केस बारीक कापलेले, पाठीला भली मोठी सॅक. तासभर बसते. जाताना आई तिला फाटकापर्यंत सोडायला येते.

"दुपारी कोण येतंय गं?" मी आईला विचारलं.

"कोण यायलंय? कोण न्हाय."

मोरीत दोन कप उपडे घातलेले होते. मी ते बघितले, आणि मी बघितलेलं तिनंही बघितलं. म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून सह्या घेणारी माणसं असतात. मी घराची कागदपत्रं आईच्या कपाटातून काढून माझ्या कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दोन दिवस लवकर घरी येऊन बघितलं, पण ती मुलगी सापडली नाही. माझ्या येण्याची वेळ तिला कुणीतरी कळवत असणार, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

आमचा निवृत्त शिक्षकांचा गट महिन्याला कुठंतरी जातो. आधीच्या महिन्यात कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो. या खेपेला एका विद्यापीठाचं कलासंग्रहालय ठरलं. तिथं एसी आहे आणि स्वच्छतागृहं चांगली आहेत, या दोन मुद्द्यांवर ठराव पास झाला. कलेचं नाव कुणी काढलं नाही.

पाट्या कन्नडात आणि इंग्रजीत होत्या. मराठी मजकूर टाईप केलेला कागद चिकटवला होता आणि त्याची चिकटपट्टी एका बाजूनं सुटली होती. आमच्यातल्या येळ्ळूरच्या बाईंनी तिथंच ठाण मांडलं आणि हे कुणी सोडवलं त्याची चौकशी सुरू केली. मी पुढं गेले. एका चित्रात नुसता पिवळा रंग होता. मी चौकटीच्या कडेनं डोकावून बघितलं, मागंही काही नव्हतं. एका काचेत फुटक्या कौलांचे तुकडे मांडले होते. आमच्या परसात याहून चांगले आहेत. कुणीतरी कुणालातरी फसवतंय, असं मला त्या पहिल्या दोन दालनांत सारखं वाटत राहिलं.

तिसऱ्या दालनातून हसण्याचा आवाज येत होता. कॉलेजच्या सात-आठ मुली एका शिल्पाभोवती जमल्या होत्या. मीही वाकून बघितलं. लाकडाचा एक पुरुष, माणसाएवढा, डोक्यावर काळी टोपी, तोंड लाल रंगवलेलं. त्याला बारा हात होते. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले, कोपरात वाकणारे. त्याच्यासमोर लाकडाची एक बाई, कासोटा घातलेली, दोन्ही हात वर केलेली. खाली सायकलचं पेडल आणि चेन. पेडल फिरवलं की काहीतरी होत असणार.

"बाई, फिरवा की," एक मुलगी म्हणाली. तिनं मला ओळखलं असावं, कारण ती लगेच बाजूला सरकली.

मी पेडल फिरवलं. चेन करकरली आणि बाराच्या बारा हात त्या बाईकडं निघाले. एक केसांत गेला, एक पदरात, दोन काखेत, बाकीचे कमरेशी. पोरी हसायला लागल्या. मी खाली बघितलं. बाईच्या कमरेला चंची खोचलेली होती. निळी किनार होती, आणि दोरीला पांढरं बटण.

मी पेडल तसंच धरून उभी राहिले. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग पोरींचं हसणं ऐकू आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हे असं. आमच्या बायकांची झडती हे आता खेळणं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पेडल मारायचं आणि दात काढायचे. आणि त्या लाकडी बाईच्या कमरेला माझ्या आईची चंची.

"हात लावू नका कुणी," मी म्हणाले. पस्तीस वर्षांची सवय आवाजात असते, पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

तिथला सहायक धावत आला. "इन्ना अर्धा ऐतरी, मॅडम," तो म्हणाला. अजून अर्धा फेरा आहे, पेडल पूर्ण फिरवा, असं तो सांगत होता.

"मला शिकवू नका," मी म्हणाले. "ही पिशवी चोरीची आहे."

तो बिचारा घाबरून मला टेबलापाशी घेऊन गेला. फाईल काढली. वस्तू स्वखुशीनं दिल्याचा छापील कागद होता आणि खाली आईची सही होती. ती सही खोटी म्हणायची सोय नव्हती. मी सातवीत असताना चुलीपुढं बसून तिला सही शिकवली होती. शेवटच्या अक्षराचा काना ती अजून वेगळा काढते, हात उचलून. आता फक्त एवढंच उरलं की त्या सॅकवाल्या पोरीनं म्हातारीला गोड बोलून गंडवलं. मला थोडं बरंसुद्धा वाटलं, कारण माझा संशय खरा निघाला होता.

घरी येऊन मी आईला खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहिले.

"संग्रहालयात तुझी चंची बघितली मी. कोण ती पोरगी? किती वेळा आली? काय काय विचारलं तिनं? तू काय काय दिलंस? अजून कुठं सही केलीस?"

आई पदराचं टोक घडी घालत होती, उलगडत होती. मी परत विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तू पुरतं फिरवलंस व्हय?"

"काय?"

"त्ये पेडल."

"मला गरज न्हाय. दिसलं ते बास झालं."

"मग तुला काय कळलंय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या रात्री मी कुलसचिवांच्या नावे दोन पानी अर्ज लिहिला. मराठीत लिहून खाली कन्नडात सारांश दिला, म्हणजे समजलं नाही म्हणायला जागा राहू नये. कष्टकरी स्त्रियांची विटंबना, वयोवृद्ध व्यक्तीची दिशाभूल, शिल्प तात्काळ हटवावे, वस्तू परत करावी. मग आईला सांगितलं की तू माझ्याबरोबर यायचंस आणि मला कळलं नव्हतं असं त्यांच्यासमोर सांगायचंस. ती लगेच 'जाऊया की' म्हणाली. ती इतक्या चटकन तयार झाली की मला त्याचाही संशय आला.

चार दिवसांनी गेलो. आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं आणि केसांना तेल लावलं होतं. दारात एक सुरक्षारक्षक टेबल टाकून बसतो. तो फक्त पिशव्या बघतो. त्यानं माझी पर्स उघडायला घेतली आणि मान वर केली, तर आई त्याच्यासमोर दोन्ही हात वर करून उभी.

"ब्याडरी आज्जी, ब्याडरी," तो उठून उभा राहिला. नको, नको म्हणत त्यानं मलाच हातानं खूण केली.

आईचे हात वरच होते. ती त्याच्याकडं बघतही नव्हती, समोर कुठंतरी बघत होती. वखार बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण दारात टेबल आणि टेबलापाशी माणूस दिसला की हात आपोआप वर गेले. मी तिचे दंड धरून हात खाली घेतले. अर्ज आणखी कडक लिहायला हवा होता, असं मला वाटलं.

तिसऱ्या दालनात ती मुलगी होती. बारीक केस, सॅक, हातात तेलाची बाटली. चेनीला तेल घालत होती. मी काही बोलायच्या आत ती "आज्जी" म्हणत पुढं आली. माझ्याकडं बघून मात्र तिचा चेहरा उतरला. तिला माझ्याबद्दल सांगितलेलं होतं हे उघड होतं.

आईनं शिल्पाभोवती एक फेरी मारली. लाकडी बाईच्या निऱ्यांवरून हात फिरवला. मग दिवाणजीकडं वळली.

"हात लई बारीक केलीस गं त्येचं. त्येचं हात हे असं हुतं, वरवंट्यागत," ती म्हणाली, आणि मग तिनं पेडल धरलं.

अर्धा फेरा मी बघितलेलाच होता. हात निघाले, केसांत, पदरात, काखेत, कमरेशी. एक हात चंचीत शिरला. मी नजर वळवणार होते, इथंही भिंत होतीच. पण आई थांबली नाही. चेन खडखडली आणि चंचीतला हात झटक्यानं बाहेर आला. त्याच्यामागून बाकीचे अकराही परत फिरले आणि दिवाणजीनं स्वतःलाच खाजवायला सुरुवात केली. मान, पोट, पाठ, काखा, धोतरात दोन हात. टोपी उडाली आणि दोरीवर लोंबकळली. डोळे गरागरा फिरले. आणि समोरच्या लाकडी बाईचे खांदे हलायला लागले, वर केलेल्या हातांसकट. ती हसत होती.

आईही हसत होती. हसता हसता तिला खोकला आला, तरी तिनं पेडल सोडलं नाही. त्या दिवशीही दालनात कुणी ना कुणी होतंच, तीन-चार विद्यार्थी जमा झाले.

"आज्जी, सांगा की त्यांना," ती मुलगी म्हणाली.

आईनं सांगितलं, पण त्या पोरांना सांगितलं. मी बाजूला उभी होते.

"दिवाणजी रोज चंचीत बोट घालायचा. तंबाखू हाय का बघतो म्हणायचा आन सुपारीचं खांड उचलून तोंडात टाकायचा. त्ये आमी सोसलं. आमच्यात गुंजी गावची एक बाय हुती, गरीब, बोलायची न्हाय. तिचं महिन्याचं दीस हुतं. कमरंला घडी लागली त्येच्या हाताला. तंबाखू हाय म्हणाला. सगळ्यांच्या म्होरं काढायला लावली. घडीच हुती. असू दे, जा, म्हणाला."

मी भिंतीला टेकले. असू दे, जा. माझ्या तोंडचे ते शब्द होते.

"ती धा दीस माह्यारी गेली. येताना गुंजीच्या रानातनं खाजकुयलीच्या शेंगा आणल्या, पानात गुंडाळून. त्येची लव अंगाला लागली की मानूस जीव खाऊन खाजवतंय. फडक्यानं धरून ती लव मी चंचीच्या मधल्या कप्प्यात भरली. सुपारी तितंच असायची. सांजच्याला आलं की बेणं बोट घालायला. घातलं. मग बोट तोंडात. मग मानंवर. मग कुठं कुठं, काय सांगू." आई पुन्हा हसली. "शंभर बाया हात वर करून हसत हुत्या. हात वर हुतं म्हणून पदर बी तोंडाला लावता येईना."

पोरं खिदळली. एकानं परत पेडल मारलं. मी तिकडं बघितलं. याच हसण्याला मी चार दिवसांपूर्वी विटंबना म्हणाले होते, आणि ते दोन पानांवर लिहून माझ्या पर्समध्ये होतं. ती मुलगी मला म्हणाली, "तुम्हाला विचारूनच घ्यायची होती चंची. आज्जी नको म्हणाल्या."

आम्ही दालनातल्या बाकावर बसलो. मी आईला विचारलं. हळू विचारलं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"एवढ्या वर्षांत मला का सांगितलं न्हाईस? परक्या पोरीला सांगितलंस."

"तूच म्हणायचीस, वखारीचं काढू नको."

"ते लोकांसमोर. मला सांगायचं की एकटीला."

आई रागानं बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती साधंच बोलली, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

"ती पोरगी इचारती आन गप बसती. तू इचारत न्हाईस बाय, तू झडती घेतीस. मग मला काय सांगाय सुचत न्हाय, मी नुसतं हात वर करतो."

मला त्या व्हरांड्यातली मुलगी आठवली. तिचं नाव आठवेना. तिचे वर केलेले हात आठवले, बाहीला शाईचा डाग होता तोही आठवला. आणि ताटात राहिलेली अर्धी भाकरी. आईला त्या संध्याकाळी पित्त झालेलं नव्हतं. माझी अक्कल अशी की मी तिला गोळी दिली होती. मला लाज वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती, कारण आई माझ्याकडंच बघत होती.

परत निघताना दारात तोच रक्षक. बाहेर पडतानाही तो पिशव्या बघतो. त्यानं माझी पर्स उघडली आणि आतला लांबडा लिफाफा दोन बोटांनी वर उचलला. येताना त्याचं लक्ष आईच्या हातांकडं गेलं होतं, म्हणून तो बघायचा राहिला होता.

"इद एन्री?" त्यानं विचारलं. हे काय आहे?

"काही नाही," मी म्हणाले. माझा आवाज चोरासारखा निघाला.

आई माझ्या कानाशी आली. "हात वर कर बाय," ती म्हणाली, "लौकर सुटतंय."

तिनं हे चेष्टेनं म्हटलं की खरंच, हे मला कळलं नाही. मी लिफाफा घेऊन परत पर्समध्ये टाकला. घरी आल्यावर तो फाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामवाल्या बाईच्या घरी गेले. चंची सापडली, माझं चुकलं, म्हणून सांगितलं. ती लगेच येते म्हणाली नाही. आठ दिवस तिनं मला खेपा घालायला लावल्या आणि ते बरोबरच होतं.

त्या संध्याकाळी मी चहा केला आणि आईजवळ पायरीवर बसले. माझ्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली होती. दिवाणजीला कळलं का, कुणी केलं ते? गुंजीच्या बाईचं पुढं काय झालं? तुला कामावरून काढलं का? मी वखारीच्या दारात उभी होते, ते याच्या आधी की नंतर? प्रत्येक प्रश्न मी तोंडाशी आणला आणि चहाबरोबर गिळला. एवढं अवघड काम मी पस्तीस वर्षांत केलं नव्हतं. आई कपातल्या सायीकडं बघत बसली होती. समोरच्या घरात कुणीतरी पाणी भरत होतं. चहा संपला, कप गार झाले, तरी मी काही विचारलं नाही.

"तू एकदा आलतीस," आई म्हणाली. "वखारीच्या दारात. भितीकडं त्वांड करून उभी ऱ्हायलीस."

मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ती थांबली असती.

"त्या भितीवर बदक हुतं," ती म्हणाली. "त्ये मी काढलं हुतं. तू आलीस की बघशील म्हणून."